मांजराला एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी की एमआरआय? कोकणातल्या घरांसाठी

कोकणात मांजर आजारी पडलं की आधी गाठायचा तो तालुक्याचा गुरांचा दवाखाना, नाहीतर मोठ्या गावातले कुत्र्या-मांजरांचे खासगी डॉक्टर. एक्स-रे आणि सोनोग्राफी या पट्ट्यात कुठे ना कुठे होऊन जाते. सीटी स्कॅन किंवा एमआरआय म्हटलं की मात्र घाट चढायचा किंवा मुंबई गाठायची. त्यात एक अख्खा दिवस जातो, मांजराला पूर्ण भूल द्यावी लागते आणि खर्चही मोठा होतो. त्यामुळे कुठली तपासणी कशासाठी, हे निघण्याआधीच पक्कं झालेलं बरं.

डॉक्टरांना सरळ विचारा: "यातून काय काय निघू शकतं, आणि जे निघेल त्याप्रमाणे तुम्ही काय वेगळं कराल?" याचं उत्तर स्पष्ट मिळालं तर जायला हरकत नाही. रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार असेल, तर भूल देऊन मांजराला त्रास देण्यात अर्थ नाही. उदाहरणार्थ, सोळा वर्षांच्या मांजराच्या फुप्फुसात गाठ दिसली आहे आणि घरच्यांनी ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं आहे. अशा वेळी सीटीचा उपयोग नाही. तोच पैसा आणि तीच ताकद त्याच्या वेदना आणि श्वास सांभाळण्यावर लावावी.

वाट बघायची नाही अशी लक्षणं

बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो आणि थेंबही पडत नाही. घरात बहुतेक वेळा याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल किंवा दूध-तूप पाजलं जातं आणि त्यात रात्र निघून जाते. मूत्रमार्ग बंद झाला की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि २४ ते ४८ तासांत हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मागच्या पायांच्या पुढे पोटात कडक गोळा हाताला लागत असेल तर तो दाबून बघू नका, निघा. इथे पहिलं काम कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून मार्ग मोकळा करणं आणि सलाईन लावणं. एक्स-रे त्यानंतर. तो काढताना मूत्रपिंडापासून थेट लिंगाच्या टोकापर्यंतचा सगळा भाग आलाच पाहिजे, नाहीतर मार्गात अडकलेला खडा फोटोबाहेर राहतो. स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे एक्स-रेत दिसतात. युरेटचे बऱ्याचदा दिसत नाहीत, ते मूत्राशयात असतील तर सोनोग्राफी पकडते. उलट, कमरेच्या हाडांमधून जाणारा मूत्रमार्ग सोनोग्राफीला नीट दिसत नाही. म्हणून या आजारात दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत, एक झाली म्हणून दुसरी टाळायची नाही.

तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर ही नेहमीच तातडीची गोष्ट आहे. कुत्रं धापा टाकतं तसं मांजर सहज टाकत नाही. त्याआधीची पायरी घरीच पकडता येते. मांजर गाढ झोपलेलं असताना बरगड्यांकडे बघा. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. मोबाईलवर ३० सेकंद लावून मोजा आणि दुप्पट करा. घुरघुरत असताना किंवा स्वप्नात पाय हलवत असताना मोजलेला आकडा धरू नका. झोपेत मिनिटाला ३० पेक्षा कमी श्वास हे ठीक. दोन-तीन वेळा मोजून आकडा ३० च्या वर राहत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ४० च्या वर असेल किंवा पोट आत ओढून श्वास चालला असेल तर लगेच निघा.

अशा मांजराला एक्स-रेसाठी आडवं पाडणं धोक्याचं असतं. फुप्फुसाभोवती पाणी भरलेलं असेल तर टेबलावरच ते दगावू शकतं. डॉक्टर म्हणाले, "आधी ऑक्सिजन, फोटो नंतर," तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे, घाई करू नका. मांजर बसलेलं असतानाच छातीला सोनोग्राफीचा प्रोब लावून पाणी आहे का ते दोन-तीन मिनिटांत कळतं. पाणी असेल तर सुईने काढणं हीच तपासणी आणि हाच उपचार. ते पाणी फेकून देऊ नये. थोडं ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत, थोडं साध्या नळीत घ्यायला सांगा. हृदयविकार, एफआयपी (मांजरांचा एक विषाणूजन्य आजार), पू, लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) यांपैकी काय आहे याचा माग त्या पाण्यातूनच लागतो. नीट एक्स-रे काढायचा तो पाणी काढून श्वास सुधारल्यावर.

मागचे पाय अचानक गेले तर दोन शक्यता असतात आणि त्यांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. पुढचा पंजा आणि मागचा पंजा एकाच वेळी हातात धरा. मागचे पंजे गार, पायाच्या गाद्या पांढुरक्या किंवा निळसर आणि मांजर वेदनेने किंचाळतंय, तर बहुधा हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी महाधमनीच्या टोकाला अडकली आहे. याला पाठीच्या कण्याचा एमआरआय लागत नाही. लागतं ते वेदनाशामक, ऑक्सिजन आणि स्थिर झाल्यावर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंजे उबदार, गाद्या गुलाबी आणि पाय मात्र लुळे असतील तर कण्याला मार लागलेला असू शकतो. मग मांजराला फळीवर किंवा कडक पुठ्ठ्यावर सरकवून न्या आणि कण्याचे एक्स-रे काढा. हाड ठीक दिसूनही पाय हलत नसतील तेव्हा एमआरआयचा विचार येतो.

दोरा गिळणं ही किनाऱ्यावरच्या मांजरांची खास अडचण. शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा, पतंगाचा मांजा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गळाला लावलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. आमिषाचा वास असतो, मांजर गळासकट गिळतं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात जातं, आणि नाडीवर पायजम्याचा नेफा गोळा व्हावा तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. दोरा ताणला गेला की तो आतड्याची भिंत आतून कापतो. उलट्या, काही न खाणं, कोपऱ्यात दबून बसणं ही लक्षणं. मांजर शांत असेल तर तोंड उघडून, खालच्या जबड्यामागून अंगठ्याने जीभ वर ढकलून जिभेखाली बघा. दोरा दिसला तर ओढू नका. गुदद्वारातून लोंबणारा दोराही ओढू नका. तोंडातून बाहेर आलेला तंगूस कापूनही टाकू नका, कारण त्याच तंगुसावरून नळी खाली सरकवून डॉक्टरांना गळ सोडवता येऊ शकतो.

लोखंडी गळ एक्स-रेत स्पष्ट दिसतो. तंगूस आणि सुती दोरा दिसत नाही. दोऱ्यावर गोळा झालेलं आतडं आणि त्यात अडकलेले हवेचे छोटे, थेंबाच्या आकाराचे बुडबुडे यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि सोनोग्राफीत आतड्याच्या चुण्या दिसतात. गळ पोटात असण्याची थोडीही शंका असेल तर एमआरआय कधीच नाही. ते यंत्र म्हणजे प्रचंड ताकदीचा चुंबक असतो. एअरगनचे छर्रे, हाडात घातलेला रॉड किंवा प्लेट याचीही माहिती आधी द्या. मायक्रोचिपमुळे फक्त तेवढ्या जागेचं चित्र खराब होतं.

माशाच्या काट्याचं वेगळं. गिळलेला काटा बहुतेक वेळा पोटात विरघळतो. अडकतो तो टाळूवर आडवा, दाढांच्या मध्ये किंवा घशात. मांजर पंजाने तोंड ओरबाडतं, लाळ गाळतं. बारीक काटा एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून आधी हलकी भूल देऊन तोंड आणि घसा नीट बघून घ्यावा.

माडावरून, छपरावरून किंवा फ्लॅटच्या गॅलरीतून पडलेलं, गाडीखाली सापडलेलं मांजर वरून ठीक दिसलं तरी छातीचा एक्स-रे हवा. फुप्फुसाला बसलेला मार पुढच्या २४ ते ४८ तासांत वाढत जातो, त्यामुळे पहिल्या दिवशीचा चांगला फोटो बघून निर्धास्त होऊ नका. छाती आणि पोट यांमधला पडदा फाटलेला असेल तर आतडी किंवा यकृत छातीत सरकतं, आणि हे कधी कधी कित्येक आठवड्यांनी दम लागल्यावर लक्षात येतं. पुढचं एक डॉक्टरांना आवर्जून विचारा: मूत्राशय फाटलं नाही ना? फाटलेलं असतानाही मांजर थोडी लघवी करू शकतं, त्यामुळे "लघवी झाली" एवढ्यावर थांबता येत नाही.

कुठलं यंत्र काय दाखवतं

एक्स-रे हाडं, फुप्फुसं, धातू, बरेचसे खडे आणि हृदयाचा आकार दाखवतो. एकाच फोटोत डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खं मांजर बसवलेला एक्स-रे कमी कामाचा. पोटाचे निदान दोन बाजूंनी, एक कुशीवर आणि एक पाठीवर झोपवून, फोटो हवेत. छातीचे जमले तर तीन. मांजर धरायला तुम्हाला आत बोलावलं तर शिशाचा एप्रन मागा. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या खोलीत थांबूच नये. भूल देऊन किंवा वाळूच्या पिशव्या लावून फोटो काढता येत असेल तर ते सगळ्यांत चांगलं.

सोनोग्राफी पोटातल्या अवयवांची आतली रचना दाखवते: मूत्रपिंड, मूत्राशय, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, आतड्याची भिंत, लसिका गाठी, पोटातलं पाणी. हवा आणि हाड यांच्या पलीकडे तिला दिसत नाही. इतर कुठल्याही तपासणीपेक्षा ही जास्त करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. मांजराच्या आतड्याची भिंत दोन-तीन मिलिमीटरची. त्यातला एकेक थर मोजायला बारीक प्रोब, पोटावरचे केस काढलेले आणि सवयीचा हात लागतो. "सगळं नॉर्मल" एवढाच रिपोर्ट हातात आला आणि मांजर मात्र वाळत चाललं असेल, तर सीटीकडे धावण्याआधी तीच सोनोग्राफी मांजरांची सवय असलेल्या डॉक्टरांकडून पुन्हा करून घ्या. कोकणातल्या माणसाला आम्ही देऊ तो सगळ्यांत जास्त पैसे वाचवणारा सल्ला हाच.

सोनोग्राफीची मर्यादाही माहीत असावी. म्हाताऱ्या मांजराला महिनोन्‌महिने उलट्या, वजन घटणं, आतड्याचा स्नायूचा थर जाड. हे आतड्याच्या जुनाट सुजेत दिसतं आणि मंद वाढणाऱ्या लिम्फोमातही. चित्रावरून या दोहोंत फरक करता येत नाही, आतड्याचा तुकडा काढून तपासावाच लागतो. तो घेण्याआधी स्टिरॉइड सुरू केलं तर लिम्फोमा दबतो आणि बायोप्सीत निसटतो. "आधी आठवडाभर स्टिरॉइड देऊन बघू" असं कोणी म्हटलं, तर बायोप्सी करायची की नाही हे त्याच वेळी ठरवा.

पर्शियन मांजर घेतलं असेल तर मूत्रपिंडातल्या पाण्याच्या गाठींसाठी एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. हा आजार त्या जातीत आनुवंशिक आहे. अगदी लहान वयात गाठी इतक्या बारीक असतात की निसटतात. दहा महिन्यांनंतर केलेली तपासणी भरवशाची. पिल्लं काढायची असतील तर आधी जनुकीय चाचणी करा.

हृदयासाठी इको. हृदयाचा स्नायू जाड होणं हा मांजरातला सगळ्यांत जास्त आढळणारा हृदयविकार, आणि कित्येक मांजरांत स्टेथोस्कोपला काहीच ऐकू येत नाही. एक्स-रेत हृदय नेहमीच्या आकाराचं दिसूनही आजार असू शकतो. डाव्या कप्प्याची भिंत, हृदय सैल पडलेलं असताना, ६ मिलिमीटर किंवा जास्त भरली तर ती जाड धरतात. पण थायरॉइड वाढल्याने आणि रक्तदाबामुळेही भिंत जाड होते, त्यामुळे या दोन तपासण्या इकोबरोबरच व्हाव्यात. गावठी मांजरांनाही हा आजार होतो, फक्त मेन कून या विदेशी जातीला होतो असं नाही.

सीटी म्हणजे एक्स-रेचे पातळ काप. हाड, नाक, कानाची पोकळी, फुप्फुस आणि ऑपरेशनच्या आधी गाठीची मुळं कुठवर गेली आहेत हे बघायला उत्तम. प्रत्यक्ष स्कॅन काही मिनिटांत होतो. एमआरआय मेंदू, मज्जारज्जू आणि नसा यांसाठी. त्याला अर्धा-पाऊण तास ते तासाहून जास्त लागतो, आणि तेवढा वेळ मांजर पूर्ण भुलेत.

लांब जाण्याआधी इथेच उरकायच्या गोष्टी

मान छातीकडे झुकलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोल जाणारा, मध्येच झटका. हे बघून थेट एमआरआयचं नाव निघतं. पण आधी मांजर काय खातं ते डॉक्टरांना सांगा. रोज कच्ची तारली किंवा असेच कच्चे मासे देत असाल तर जीवनसत्त्व बी-१, म्हणजे थायमिनची कमतरता ही पहिली शंका. काही कच्च्या माशांत थायमिन नष्ट करणारं विकर असतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. थायमिनची इंजेक्शनं स्वस्त आहेत आणि वेळेत दिली तर मांजर एक-दोन दिवसांत सुधारताना दिसतं. उशीर झाला तर मेंदूचं नुकसान कायमचं राहतं. अशा मांजराला आधी इंजेक्शन, स्कॅनचा विचार नंतर.

थरथर आणि झटक्यांचं दुसरं कारण म्हणजे कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावणं. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं. कुत्र्याला लावल्यावर मांजर त्याला घासून झोपलं तरी बाधा होऊ शकते. औषधाची नळी किंवा बाटली सोबत घेऊन जा. रक्तातली साखर, यकृताच्या चाचण्या आणि रक्तदाब या तिन्ही गोष्टी एमआरआयच्या आधीच्या. म्हाताऱ्या मांजराची दृष्टी एका रात्रीत गेली तर बहुतेक वेळा रक्तदाब १८० च्या वर गेलेला असतो आणि डोळ्यामागचा पडदा सुटलेला असतो. त्याचं उत्तर रक्तदाबाच्या पट्ट्यात आहे.

पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे अचानक लाळ, पापण्या पडणं, पाय लुळे, किंवा एका जागी मोठी सूज आणि रक्त थांबत नाही, असं दिसलं तर साप चावल्याचा विचार पहिला. फुरसं आपल्या जांभ्याच्या सड्यांवर भरपूर. अशा वेळी स्कॅनच्या खटपटीत वेळ घालवू नका, सर्पविषावरची लस मिळणारा दवाखाना शोधा.

नुसत्या काटे काढलेल्या माशावर किंवा नुसत्या चिकनवर वाढवलेली पिल्लं लंगडतात, उचलल्यावर ओरडतात. कॅल्शियम नसल्याने हाडं पातळ होतात आणि साध्या उडीने मोडतात. दोन एक्स-रेंत हे कळतं, त्यापुढे काही लागत नाही. लागतं ते योग्य खाणं आणि काही आठवडे पिंजऱ्यात विश्रांती.

आणि कुठल्याही दुखण्यावर घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. मांजराला ती जीवघेणी असते, अगदी अर्धीसुद्धा.

खरोखर सीटी किंवा एमआरआय लागतो तेव्हा

एकाच नाकपुडीतून महिनाभर शेंबूड किंवा रक्त, नाकाचा उंचवटा बदललेला, झोपेत घोरणं, अँटिबायोटिकने तात्पुरतं बरं वाटून पुन्हा तेच: इथे सीटी. नाकाच्या साध्या एक्स-रेत हाडं एकमेकांवर पडून काहीच उलगडत नाही. क्रम मात्र पाळायला हवा. आधी सीटी, मग त्याच भुलेत दुर्बीण आणि तुकडा. आधी तुकडा काढला तर रक्त भरून सीटीचं चित्र बिघडतं. एकाच भुलेत सगळं उरकतील का, हे केंद्राला आधी विचारा.

कोवळ्या मांजराची मान एकीकडे कललेली, कान वारंवार वाहतो, श्वासाला घरघर येते, तर मधल्या कानातून घशात वाढलेला पॉलिप (मांसल गाठ) असू शकतो. त्यालाही सीटी चांगला. मान कलण्यासोबत बेशुद्धीसारखी गुंगी किंवा पायांचा कमकुवतपणा असेल तर दोष मेंदूत असण्याची शक्यता वाढते आणि एमआरआय जास्त कामाचा ठरतो. पाच-सहा वर्षांपुढच्या मांजराला पहिल्यांदाच झटके येऊ लागले, रक्त आणि रक्तदाब ठीक आला, तरीही एमआरआय करावा. मांजरात मेनिंजिओमा नावाची मेंदूच्या आवरणाची गाठ सापडते आणि ती बऱ्याचदा ऑपरेशनने काढता येते.

इंजेक्शन दिलेल्या जागी गाठ राहिली तर ३-२-१ हा नियम लक्षात ठेवा: ३ महिन्यांनंतरही टिकली, २ सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा इंजेक्शननंतर १ महिन्याने वाढतच राहिली, तर तुकडा तपासा. सार्कोमा हा कर्करोग निघाला तर ऑपरेशनच्या आधी सीटी हवाच. ही गाठ हाताला लागते त्यापेक्षा खूप दूरवर बोटं पसरते, आणि "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू" म्हणून केलेलं पहिलं ऑपरेशन फसलं की दुसरं फार अवघड जातं.

वाढ खुंटलेलं, जेवल्यावर लाळ गाळणारं, तांबूस डोळ्यांचं पिल्लू असेल तर यकृताला बगल देणारी रक्तवाहिनी शोधायला कॉन्ट्रास्टचा, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून औषध देऊन केलेला, सीटी. जबडा अनेक ठिकाणी मोडलेला असेल तरीही सीटी.

निघण्याची तयारी

मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई रुग्णालय आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. चिपळूणकरांना कुंभार्ली घाटाने आणि माणगावकरांना ताम्हिणीने पुणं गाठता येतं. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, सावंतवाडीहून गोवा. जून ते सप्टेंबर दरड पडून घाट बंद होतात, आदल्या संध्याकाळी चौकशी करा. गुहागर-दापोलीच्या मंडळींनी दाभोळ-धोपावे फेरीबोटीची शेवटची वेळ बघून ठेवावी, नाहीतर रात्री चिपळूण-खेडचा वळसा पडतो.

कुठेही निघण्याआधी फोन करून विचारा: यंत्र त्या दिवशी चालू आहे का, भूल देणारे डॉक्टर मांजरांना नेहमी भूल देतात का, रिपोर्ट कोण वाचणार आणि कधी मिळणार, सांगितलेल्या रकमेत भूल, कॉन्ट्रास्ट, रक्तचाचण्या आणि रात्रीचा मुक्काम धरला आहे का. मांजराची तब्येत बिघडली तर रात्रभर ऑक्सिजनवर ठेवायची सोय आहे का, हेही.

रक्ताचा पूर्ण तपास आणि क्रिएटिनिन गावातच करून रिपोर्ट सोबत न्या, कारण मूत्रपिंड दुबळं असेल तर कॉन्ट्रास्टचा निर्णय बदलतो. हृदयाची कुरकुर ऐकू आली असेल तर भुलेआधी इको. तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या: लक्षणं कधीपासून, कुठली औषधं किती, आणि स्कॅनमधून नेमकं काय हवं आहे. "एमआरआय ब्रेन" एवढंच लिहिलेली चिठ्ठी पुरेशी नाही. आधीचे एक्स-रे व्हॉट्सअॅपवर काढलेल्या फोटोच्या फोटोत नकोत. यंत्रातून निघालेली मूळ डायकॉम फाईल पेनड्राइव्हवर मागा. मांजर घरी कसं चालतं, कसं श्वास घेतं याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात मांजर दगडासारखं बसतं आणि लक्षण दिसतच नाही.

उपाशी किती ठेवायचं ते केंद्र सांगेल तेच पाळा. भुलेसाठी मोठ्या मांजराला साधारण सहा ते आठ तास, पोटाच्या सोनोग्राफीला आठ ते बारा. पाणी शेवटच्या दोन तासांपर्यंत चालतं. लहान पिल्लांना तासा-दोन तासांपलीकडे उपाशी ठेवायचं नसतं, साखर खाली जाते. मधुमेही मांजराच्या इन्सुलिनचं आदल्या दिवशी विचारून घ्या. आधीच दोन-तीन दिवस काही न खाल्लेल्या, विशेषतः जाड मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागलेली असते. त्याची तारीख आठवड्याने पुढे ढकलू देऊ नका. सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं हवं, म्हणून निघण्याआधी तासभर वाळूचा ट्रे उचलून ठेवा. लघवी तुंबण्याचा आजार असेल तर मात्र नाही.

घाबरट मांजरासाठी डॉक्टर गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध लिहून देतात. मोठ्या मांजराला बहुधा ५० ते १०० मिलिग्रॅम, दवाखान्यात पोचण्याच्या दोन-तीन तास आधी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कमी. गोळी दिल्यावर मांजर झोकांड्या खातं, माळ्यावर चढू देऊ नका.

पिशवीत किंवा गोणपाटात मांजर नेऊ नका, मे महिन्यात त्यात जीव गुदमरतो. वरचं झाकण निघणारी प्लास्टिकची पेटी उत्तम. ती नसेल तर आंब्याच्या दोन प्लास्टिक क्रेट एकमेकींवर उलट्या ठेवून सहा ठिकाणी केबल टायने आवळा, आत घरातला जुना टॉवेल घाला, वरून पातळ कापड टाका आणि दोन बाजू उघड्या ठेवा. घाटात उलट्या होणाऱ्या मांजराला उलटी थांबवणारं इंजेक्शन आधीच देता येतं. गाडीत पेटी मांडीवर नको, सीटच्या खाली पक्की बसवा. केबल टाय कापायला कात्री सोबत असू द्या.

परत आल्यावर

भुलेतून उठलेलं मांजर रात्रभर एका खोलीत, जमिनीवर, गार फरशीपासून दूर ठेवा. त्याला माळा, विहिरीचा कठडा, जिना यांपासून लांब ठेवा, आणि घरातलं दुसरं मांजरही वेगळं ठेवा. अंगाला येणाऱ्या दवाखान्याच्या वासाने ते अंगावर धावून जाऊ शकतं. पूर्ण जागं झाल्यावर, मान सरळ धरून चालू लागलं की, नेहमीच्या निम्मं खाणं द्या. कॉन्ट्रास्ट दिलेलं असेल तर पाणी भरपूर ठेवा आणि लघवी होते ना ते बघा. १२ तासांत लघवी नाही, २४ तासांत काहीच खाल्लं नाही, श्वास झोपेत ४० च्या वर, किंवा हिरड्या पांढऱ्या, यांपैकी काहीही दिसलं तर केंद्राला फोन करा आणि गावातल्या डॉक्टरांना गाठा. बायोप्सी घेतली असेल तर रिपोर्टला काही दिवस लागतात. तो आला की मुंबईचा किंवा पुण्याचा रिपोर्ट आणि फाईल तुमच्या गावातल्या डॉक्टरांना द्या, कारण पुढची औषधं आणि तपासण्या तेच करणार आहेत.